लाकडी पेन घडवायचे तर...

कोलकाता हे वाचणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे शहर. तिथली कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकाने सर्वांनाच ठाऊक असतात. पण पुस्तकांइतकेच प्रेम या शहराने पेनवरही केले आहे. एस्प्लनेड भागात 'पेन हॉस्पिटल' नावाचे चिमुकले दुकान कित्येक दशके आजारी पेनांवर उपचार करत आले. जादवपूर भागात तर एका चौकाला शाईच्या कारखान्यावरून 'सुलेखा' असे नाव पडले. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईचा उद्योग सुरू केला, तोच पुढे 'कॅम्लिन' म्हणून घरोघरी पोहोचला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३४ साली, ननीगोपाल आणि शंकराचार्य मैत्र या बंधूंनी स्वदेशीच्या प्रेरणेने राजशाही येथे 'सुलेखा' शाई सुरू केली. पुढे हा उद्योग कोलकात्यात आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कारखाना बंद पडला, नव्या शतकात पुन्हा उघडला आणि २०२० मध्ये 'सुलेखा'ची फाउंटन पेनची शाई नव्याने बाजारात आली.

शाईच्या पेनाची गोडी लागलेल्या माणसाला कधी ना कधी वाटते, की पेनही आपल्याच हातचे असावे. त्यासाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे लाकडी पेन. निब, क्लिप, टोपण, पितळी नळ्या असे धातूचे भाग तयार संचात मिळतात. आपण फक्त लाकडाचे अंग कातायचे आणि ते भाग त्यात बसवायचे. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्या तत्त्वावर कातली जातात, तेच हे तत्त्व: लाकूड फिरते आणि हत्यार स्थिर राहते.

मात्र हा छंद खिशाला आणि शरीरालाही महाग पडू शकतो. नवशिका बहुधा पाच-सात प्रकारचे चकचकीत संच आणि दुर्मिळ लाकडे घेऊन बसतो. धार लावण्याची सोय आणि तोंडावरचा मास्क मात्र 'नंतर पाहू' म्हणून राहून जातो. खरे तर क्रम उलटा हवा. स्थिर यंत्र, धारदार हत्यार आणि डोळे-फुप्फुसांचे रक्षण हा पहिला खर्च. बाकी सारे सवडीने.

लेथ: लहान पण स्थिर

पेनचे काम वीतभर लांबीचे. त्यामुळे टेबलावर मावणारे छोटे लेथ पुरते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे वजन. हलके यंत्र थरथरते आणि ती थरथर लाकडावर लाटांच्या रूपात उमटते. दुसरी गोष्ट वेग कमीजास्त करण्याची सोय. लाकडाचे चौकोनी कोपरे उडवताना मिनिटाला सुमारे १५०० फेरे, शेवटचा हात फिरवताना २५०० ते ३००० आणि पॉलिशपेपर मारताना त्याहून बरेच कमी फेरे लागतात. तिसरी गोष्ट, दोन्ही टोकांच्या अणकुच्या एकमेकींसमोर अचूक येतात की नाही. त्या सरळ रेषेत नसतील, तर कितीही कौशल्य असले तरी पेन गोल होण्याऐवजी लंबगोल होते.

लेथबरोबर 'मँड्रेल' लागतो. ही पेनचे तुकडे ओवण्याची पोलादी सळई. तिचे निमुळते टोक लेथच्या भोकात घट्ट बसावे लागते. या निमुळतेपणाची ठरावीक मापे असतात आणि छोट्या लेथमध्ये १ व २ क्रमांकाचे 'मोर्स टेपर' आढळते. आपल्या यंत्राचे माप पाहिल्याशिवाय मँड्रेल घेऊ नये.

सळईवर तुकड्यांच्या दोन्ही बाजूंना 'बुश' नावाच्या धातूच्या कड्या येतात. लाकूड किती जाड ठेवायचे, हे त्या कडीवरून कळते. लाकूड कडीच्या पातळीला आले, की थांबायचे. प्रत्येक प्रकारच्या पेनला वेगळ्या मापाचे बुश लागतात, म्हणूनच सुरुवातीला एकाच प्रकारचे संच घेणे शहाणपणाचे. एखादा बुश हरवला, तर कोलकात्याच्या हौशी माणसाला हुगळीपलीकडचा हावडा जवळ आहे. तिथल्या बेलिलियस रोडच्या परिसरात लहान लहान लेथ कारखान्यांची दाटी आहे. नेमके माप हाती असेल, तर असा सुटा भाग जाणत्या कारागिराकडून कातून घेता येतो. आपल्याकडेही औद्योगिक वसाहतीत असे कारागीर असतातच.

पटाश्या तीन, धार रोजची

पटाश्यांचा डझनाचा संच सुरुवातीला नको. तीन पुरतात: चौकोनी लाकडाला गोल करणारी रुंद गोल पटाशी, पृष्ठभाग गुळगुळीत करणारी तिरप्या धारेची पटाशी आणि खाच पाडणारी अरुंद पटाशी. त्या हायस्पीड स्टीलच्या असाव्यात. साध्या पोलादाची धार उष्णतेने लवकर उतरते. कार्बाइडचे छोटे पाते बसवलेली हत्यारेही मिळतात. त्यांना धार लावावी लागत नाही, पाते फिरवले की नवी कड मिळते. ती नवशिक्याला सोपी, पण किंमत जास्त.

बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते. मग माणूस जोर लावतो, हत्यार अडकते आणि तुकडा फुटतो. म्हणून ग्राइंडर किंवा हिऱ्याच्या कणांची पट्टी पहिल्याच यादीत हवी.

भोक आणि नळी

नव्या हातासाठी 'स्लिमलाइन' नावाचा बारीक बॉलपेनचा संच सर्वांत सोपा. त्याला ७ मिलिमीटरचे ड्रिल लागते. खरेदीपूर्वी रिफिलची चौकशी जरूर करावी. या संचात 'क्रॉस' पद्धतीची बारीक रिफिल बसते. आपल्याकडे 'पार्कर' पद्धतीची जाड रिफिल अधिक सहज मिळते. हौसेने केलेले पेन रिफिलअभावी खणात पडू नये. फाउंटन पेनचा संच चार-पाच पेने झाल्यावर घ्यावा.

साधारण १९ मिलिमीटर जाड आणि १२५ मिलिमीटर लांब लाकडाचे नळीच्या मापाने दोन तुकडे करतात. कापण्याआधी एका बाजूला पेन्सिलीची रेघ ओढून ठेवावी, म्हणजे जोडताना रेषा जुळतात. भोक पाडताना ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा. तापलेले ड्रिल लाकडाला तडा पाडते. पितळी नळी पॉलिशपेपरने खरखरीत करून अ‍ॅराल्डाइटसारख्या दोन भागांच्या गोंदाने चिकटवावी. फेविक्विकच्या जातीचा गोंद झटपट असला, तरी नळी अर्ध्यात अडकली की काम फुकट जाते. गोंद सुकल्यावर तुकड्याची टोके नळीशी काटकोनात सपाट करावी लागतात. त्यासाठी 'पेन मिल' नावाचे कातर मिळते. टोके तिरपी राहिली, तर जोडणीत फट दिसते.

तुकडे सळईवर ओवल्यावर नट बेताने आवळावा. जास्त आवळला की सळई वाकते आणि पेन लंबगोल होते. नवशिक्यांना हा दोष यंत्राचा वाटतो. पुष्कळदा तो मनगटाच्या जोराचा असतो.

लाकूड: महाग नको, सुके हवे

कोलकात्यातील निमतल्ला घाटाजवळच्या लाकडाच्या वखारी आणि बहूबाजारातील फर्निचरची दुकाने प्रसिद्ध आहेत. जिथे फर्निचर बनते तिथे उरलेले तुकडे असतात, आणि पेनला तुकडाच पुरतो. शिसम कातायला छान. बाभूळ, चिंच कठीण पण देखणी. सागवान सहज मिळते, मात्र धार लवकर घालवते. चंदन आणि रक्तचंदन यांवर कायद्याची बंधने आहेत. कागदपत्रांशिवाय ते घेऊच नये. शिसम-शिसवीच्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून नियंत्रण आहे, तेव्हा परदेशी भेट पाठवण्याआधी नियम पाहावेत.

कोलकाता असो वा कोकण, दमट हवेत ओले लाकूड हा मोठा शत्रू. आज सुंदर दिसणारे पेन महिन्याभरात तडकते. यावर घरगुती उपाय आहे. तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोलून वजन लिहून ठेवावे. वजन उतरायचे थांबले, की लाकूड कातायला तयार.

चकाकी लाखेची

१५० क्रमांकापासून ६०० पर्यंत पॉलिशपेपर क्रमाने मारून शेवटी झिलई द्यायची. बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बलरामपूर, झालदा हा लाखेचा मुलूख. पळस, कुसुंब, बोर या झाडांवर लाखेचे किडे पोसतात. त्या लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, फिरत्या लाकडावर घासला की उबेने चमक येते. ही चमक मोहक, पण हाताच्या घामाने कमी होते. रोज वापरायच्या पेनवर पातळ झटपट गोंदाचे थर देतात. ते अधिक टिकतात. दोन्हींसाठी कापडी चिंधी न वापरता कागदी रुमाल घ्यावा. कागद अडकला तर फाटतो. कापड बोटासकट ओढले जाते.

याला तडजोड नाही

लाकडाची बारीक धूळ हा साधा कचरा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. म्हणून पॉलिशपेपर मारताना एन-९५ मास्क लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी. संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल डोळ्यांसाठी हवीच. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे, केस बांधावेत, पदर, ओढणी, सैल बाही यंत्राजवळ नको. हातमोजेही नकोत, ते फिरत्या लाकडात गुंततात. वीजजोडणीला अर्थिंग असावे आणि लहान मुलांचा वावर असलेल्या खोलीत यंत्र मांडू नये.

पहिल्या खरेदीची यादी

लेथ, मँड्रेल, एका प्रकारचे बुश, तीन पटाश्या, धारेची सोय, ७ मिलिमीटरचे ड्रिल व ते धरणारा चक, पेन मिल, गोंद, पॉलिशपेपर, चपडा, मास्क, चेहऱ्याची ढाल आणि एकाच जातीचे पाच संच. पाचच का? पहिले पेन बहुधा फुटते, दुसरे वाकडे होते, तिसरे जाडे राहते. चौथ्यात हात बसतो. पाचवे घरातल्या कुणाला तरी देण्याजोगे होते. आणि ते पेन खिशाला लावणारा माणूस बाजारातल्या महागड्या पेनाकडे पुन्हा सहसा वळत नाही.