ना. वा. टिळक आणि मराठी ख्रिस्ती गीताचे देशीकरण

प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक मराठी वाचकांस प्रामुख्याने ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून परिचित आहेत. ख्रिस्ती उपासनागीतांचे रचनाकार म्हणून त्यांनी केलेल्या कार्याची चर्चा त्या मानाने कमी होते. ख्रिस्ती गीत कसे असावे, याविषयीचे तत्कालीन संकेत टिळकांनी का व कसे मोडले, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चाल आणि भाषा यांतील विसंगती

मराठीत ख्रिस्ती काव्याची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीछंदातच रचले होते. तथापि एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाल्यावर हेन्री बॅलंटाईन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते रचली. या गीतांमागील श्रद्धा प्रामाणिक होती. अडचण छंदाची होती. इंग्रजी गीताची लय शब्दांतील आघातावर अवलंबून असते, तर मराठी पद्याची लय अक्षरसंख्येवर किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या क्रमावर. परक्या चालीत बसविताना ऱ्हस्व अक्षर ताणावे लागे, दीर्घ अक्षर आखडावे लागे. परिणामी शब्द मराठी असूनही गीत परके वाटे.

कीर्तन व अभंग यांचा स्वीकार

या स्थितीवर पहिला उपाय टिळकांपूर्वीच सुचला होता. अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी बायबलमधील कथा कीर्तनातून मांडल्या. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर येथे राहून हाच मार्ग अधिक व्यापक केला. अभंग, भजन, पद व ओवी यांत त्यांनी विपुल रचना केली. मोठ्या अभंगाच्या सहा, सहा, सहा व चार अक्षरांच्या चरणांत आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या यमकात मराठी माणसाच्या मुखी सहज रुळणारी लय आहे. निरक्षर श्रोत्यासही ती लगेच आपलीशी होते. ‘अभंगांजली’तील रचना या दृष्टीने लक्षणीय आहेत. आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या द्वारे आलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यामुळे अभंग हा त्यांच्यासाठी प्रचाराचे साधन नसून आत्माविष्काराचे स्वाभाविक रूप होता.

दुहेरी अपेक्षाभंग

या निवडीने दोन्ही बाजूंच्या अपेक्षांना छेद दिला. टाळ-मृदंगाची भक्ती मागे सोडणे हेच धर्मांतराचे लक्षण, असे एका बाजूस मानले जाई. धर्म सोडणाऱ्याचा अभंगावर अधिकार तो कोणता, असा प्रश्न दुसऱ्या बाजूस होता. येथे एक सामाजिक वास्तवही ध्यानात घ्यावे लागते. नगर परिसरातील मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेले लोक बहुसंख्य होते. ज्या चोखोबांना मंदिराबाहेर उभे राहावे लागले, त्यांचा अभंग हा या समाजांचाही वारसा होता. म्हणजे प्रश्न केवळ चालीचा नव्हता. धर्म बदलल्यावर स्वतःचा सूरही गमवावा काय, हा होता.

अशा संघर्षाचे उदाहरण अमेरिकेतही आढळते. थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांनी शिकागोत ब्लूजची धाटणी उपासनागीतात आणली, तेव्हा कित्येक प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चनी प्रारंभी ती नाकारली. पुढे तीच ‘गॉस्पेल’ संगीताची मुख्य धारा ठरली. दोहोंच्या परिस्थिती भिन्न असल्या, तरी समाजाच्या परिचित संगीतास उपासनेत स्थान मिळवून देण्याची धडपड समान आहे.

समारोप

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. गीतांतील मोकळेपणा येथे संघटनेच्या रूपाने अवतरला. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. ते पुढे नेण्याचे कार्य लक्ष्मीबाई टिळकांनी केले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात पाश्चात्त्य चालींच्या गीतांसोबत टिळकांच्या रचनाही समाविष्ट आहेत. टिळकांनी जुन्या गीतांना हद्दपार केले नाही. मराठी ख्रिस्ती माणसास आपल्याच छंदात प्रार्थना करण्याचा अधिकार त्यांनी मिळवून दिला. म्हणून त्यांच्या गीतांचा विचार केवळ धार्मिक वाङ्मय म्हणून न करता भक्तिकाव्याच्या व छंदशास्त्राच्या अध्यापनातही व्हावा, असे वाटते.