जुनी स्टेशनं, चालती स्टेशनं (लेखांक ६) : कर्जत

मुंबईहून पुण्याला निघालेल्या मेल-एक्स्प्रेस गाड्या कर्जतला थांबतात, त्या कर्जतकरांसाठी नव्हे. कर्जतकरांना लोकल आहे. या गाड्या थांबतात कारण पुढे बोरघाट आहे, आणि तो एकट्या इंजिनाच्या आवाक्यातला नाही.

कल्याणकडून आलेला रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला, खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ मध्ये सुरू झाला. मधे घाट. पुढची पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरत, डोली, तट्टू नाहीतर गाडी करून वर खंडाळ्याला जात आणि तिथं पुन्हा आगगाडीत बसत. १८६३ मध्ये घाट खुला झाला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल मधेच काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथं आल्यावर काही आठवड्यांतच दगावला आणि कंत्राट त्याच्या पत्नीनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, पूर्णत्वाला नेलं. तिचं नाव निदान कागदावर राहिलं. पटकीनं आणि अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांचं तेवढंही राहिलं नाही.

घाटाचा चढ १ : ३७ आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. रस्त्यावरच्या मोटारीला हे काहीच नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, तिथं पकड कमी. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं लागतात. यांना ‘बँकर’ म्हणतात. ती पुढे न लावता मागे का? सगळा जोर पुढून ओढण्याचा लावला, तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर भयंकर ताण येतो. मागून रेटा दिला की तो वाटला जातो. आणि कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे घरंगळत खाली येत नाहीत, बँकर त्यांना पाठीशी धरतात.

उतरताना भीती उलटी. त्यासाठी घाटात ‘कॅच साइडिंग’ आहेत: मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारे आंधळे रूळ. सांधा नेहमी त्यांच्याच बाजूला लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरनं आधी थांबून दाखवायचं, मगच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप त्या चढावर जाऊन जिरते. विश्वासावर काही सोडायचं नाही, हा या व्यवस्थेचा स्वभाव मला फार आवडतो.

सुरुवातीला घाटात एके ठिकाणी गाडीची दिशाच उलटवावी लागे. मार्ग बदलून १९२९ मध्ये ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. त्याच सुमारास वीज आली आणि तिच्याबरोबर लांब नाकाडांची ‘खेकडा’ इंजिनं. त्यातलं एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

बँकर लागेपर्यंतची ती काही मिनिटं, हेच कर्जतच्या वड्याचं भांडवल. दिवाडकरांचा वडा चांगला आहेच, पण गाडी न थांबवण्याची सोय असती तर तो इतका गाजला असता का, याची मला शंका आहे. गाडी सुटताना फलाटावरचे विक्रेते तिला हात जोडतात. धंद्याचं मूळ कशात आहे, हे त्यांना इंजिनिअरांइतकंच ठाऊक असावं.

आता वंदे भारत या घाटातून बँकरशिवाय चढते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी असल्यानं जोर गाडीभर वाटलेला असतो. उद्या बहुतेक गाड्या तशा झाल्या, तर कर्जतला थांबण्याचं कारणच उरणार नाही. वारसा म्हणून आपण कमानी आणि घड्याळं जपतो. इथं तर वारसा म्हणजे रोज चालणारं एक कामच आहे. तेव्हा पुढच्या वेळी वड्याची पुडी घेऊन लगेच डब्यात शिरू नका. फलाटाच्या मागच्या टोकाकडे बघा, बँकर जोडताना दिसतील.

पुढच्या आठवड्यात थळघाटातलं इगतपुरी.