जिल्ह्याएवढी चिप आणि कपाशीची चौफुली

बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. एनव्हिडियाची २०२२ सालची जीएच१०० ही चिप ८१४ चौरस मिलिमीटरची, म्हणजे काडेपेटीहून लहान. तिच्यात ८,००० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ती ताणून मलकापूरपासून लोणारपर्यंत सगळा जिल्हा झाकला, तरी एका ट्रान्झिस्टरच्या वाट्याला जेमतेम सव्वा चौरस फूट येतो. कपाशीच्या एका झाडालाही तेवढी जागा पुरायची नाही. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलात, तर अडीच हजार वर्षे लागतील.

एवढे ट्रान्झिस्टर एकेक करून मांडणे कोणाच्याच हातचे नाही. म्हणून एक विभाग नीट आखायचा आणि तोच पुन्हा पुन्हा बसवायचा. जीएच१०० मध्ये आकडेमोड करणारा असा एकच विभाग १४४ वेळा आहे.

समजा, एका विभागात मेमरीचे वेगवेगळे २० ठोकळे २० जागांवर ठेवायचे आहेत. सेकंदाला १०० कोटी मांडण्या तपासणाऱ्या यंत्रालाही सगळ्या तपासायला ७७ वर्षे लागतील. आता १४४ विभागांत प्रत्येकाची मांडणी वेगळी होऊ दिली, तर पर्यायांची संख्या २,६४८ अंकी होते! दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या लिहायला ऐंशीएक अंक पुरतात. मांडणी सगळीकडे एकच ठेवली की तीच संख्या १९ अंकांवर उतरते.

आपल्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात ती याच हिशेबाने. झाडे उभ्या-आडव्या दोन्ही ओळींत आली की डवरा दोन्हीकडून फिरतो. फुली चुकलेले झाड मात्र डवऱ्याखाली येते. चिपमध्येही वीज पुरवणाऱ्या तारांची जाळी ठरलेल्या अंतराने जाते. प्रत्येक विभागाला त्या जाळीच्या तारांच्या तुलनेत नेमके तेच स्थान मिळावे लागते. विभाग आरशातल्यासारखा उलटवता येतो, पण आजच्या बारीक चिपांत काटकोनात फिरवता येत नाही, कारण ट्रान्झिस्टरच्या पट्ट्यांची दिशा ठरलेली असते. एका विभागातून शेजाऱ्याची तार न्यायची झाली, तर ती वाट १४४ ठिकाणी सोडावी लागते. एवढीशी जागा वाया गेली तरी नुकसान १४४ पट. पण दुरुस्तीही एकदाच करायची, आणि ती सगळीकडे लागू होते.

शेतात झाड न उगवलेल्या जागी नांग्या भरता येतात, सिलिकॉनमध्ये येत नाहीत. पण विभाग एकसारखे असल्यामुळे सदोष विभाग बंद करून उरलेल्यांवर काम भागते. जीएच१०० चिपवर बनलेल्या एच१०० च्या सर्वांत मोठ्या प्रकारातही १४४ पैकी १३२ विभागच चालू असतात.