घरचा डबा आणि पहाटेची लोकल

बारावीनंतरच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. ताप-खोकला दाखवून होतो, औषधाची चिठ्ठी हातात पडते आणि उठता उठता आई किंवा वडील विचारतात, ‘‘मॅडम, हिला हॉस्टेलला ठेवावं की घरूनच जाऊ द्यावं?’’ पूर्वी मी पटकन सांगत असे, घरचं जेवण मिळतंय ना, मग घरूनच जाऊ द्या. आता तसं सांगत नाही.

गेल्या वर्षी कसाऱ्याकडची एक मुलगी आईबरोबर आली होती. दादरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. लोकलमध्ये उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली होती. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. स्त्रियांमध्ये ते किमान १२ हवं. आईला ते पटेचना. ‘‘घरचं खाते हो ती, मेसचं नाही. मग रक्त कमी कसं?’’

मी मुलीला तिचा दिवस सांगायला लावला. पावणेचारला उठायचं, शेअर रिक्षाने स्टेशन, पाचच्या सुमाराची लोकल. पोटात फक्त चहा, कारण त्या वेळी घास उतरत नाही. प्रॅक्टिकल असलं की डबा दुपारी दोनला उघडायचा, तोवर पोळी चामड्यासारखी होते, म्हणून अर्धा तसाच परत. वर पुन्हा चहा, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. रात्री आठला घरी, अकराला अंथरुणावर. झोप पावणेपाच तास. या वयाला सात ते नऊ तास लागते. शिवाय विशीपर्यंत शरीराचं घड्याळच उशिराचं असतं. रात्री नऊला झोप न येणं हा आळस नसतो. त्यामुळे ‘लवकर झोप’ एवढं सांगून भागत नाही.

मग आईला बाहेर थांबायला सांगून आणखी एक गोष्ट विचारली. लघवीला जळजळ होते का? होती, वर्षभरात तीनदा. लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नव्हती. लांबून येणाऱ्या अनेक मुली हे करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

तिचा मोठा भाऊ मात्र नाशिकला हॉस्टेलमध्ये राहून शिकला होता. अनेक घरांत हे असंच असतं. मुलासाठी खोलीचे पैसे निघतात, मुलीसाठी पास निघतो. त्यामागची काळजी मी समजू शकते, मीही आई आहे. पण रोज पाच-सहा तासांचा प्रवास म्हणजे सुरक्षितता, हे गणित मला जुळत नाही.

याचा अर्थ हॉस्टेल बरं, असा घेऊ नका. त्याच महिन्यात परभणीकडचा एक मुलगा आला. ठाण्यात कॉट बेसिसवर राहणारा, एका खोलीत सहाजण, खिडकी एकच आणि तीही डासांमुळे बंद. पाच आठवडे खोकला, सहा किलो वजन घटलेलं. मित्रांनी खोकल्याच्या दोन बाटल्या आणून दिल्या होत्या. घरी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण त्यात दिसतो तो चेहरा. सैल झालेला पट्टा दिसत नाही. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर ही तपासणी करावी, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, हे त्या सहाजणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. नंतर बाकीच्या पाचजणांनाही तपासावं लागलं.

त्या मुलाला लक्षात घेणारं कुणी नव्हतं. मी स्वतः एमबीबीएसला हॉस्टेलमध्ये राहिले. पहिल्या वर्षी घरच्या आठवणीने जेवण सुटलं होतं. ते माझ्या रूममेटला कळलं नाही, मेसच्या मावशींना कळलं. ताट उचलताना त्या रोज विचारायच्या, ‘‘आज पण भात ठेवलास?’’ चौथ्या दिवशी त्यांनी रेक्टरबाईंना सांगितलं. उलट, आईवडिलांच्या शेजारच्या खोलीत राहून महिनोन्‌महिने उदास असलेली आणि दारावर कुणी टकटकही न केलेली मुलं मी पाहिली आहेत. मानसिक आजारांपैकी बरेचसे पंचविशीच्या आत सुरू होतात. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मुलाच्या फोनमध्ये तो आधीच साठवून ठेवा.

म्हणून आता मी पालकांनाच दोन प्रश्न विचारते. प्रवास धरून मुलाला झोप किती तास मिळेल? आणि तो दोन दिवस नीट जेवला नाही, तर कुणाच्या लक्षात येईल?

खोली बघायला जाल तेव्हा भाड्याबरोबर पाण्याची टाकी कधी धुतली तेही विचारा. पावसाळ्यात हॉस्टेलमधल्या काविळीचे रुग्ण आमच्याकडे एकेकटे येत नाहीत, घोळक्याने येतात. अ प्रकारच्या काविळीची आणि टायफॉइडची लस जाण्याआधी घेता येते. मुलाला फिट्स येत असतील किंवा तो इन्सुलिनवर असेल, तर निदान एका रूममेटला ते सांगायलाच हवं. लाजेने लपवलेली फिट जागरणाने हमखास डोकं वर काढते, आणि साखर उतरून गोंधळलेल्या मुलाला मित्र ‘प्यायलाय’ समजून झोपवून टाकतात. हे मी पाहिलेलं आहे.

पैशांची अडचण खरी आहे. पण स्वाधार योजना किंवा पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना कित्येकांना ठाऊकच नसते. प्रवेश घेताना कॉलेजच्या कार्यालयात चौकशी करा. आपण कोणत्या योजनेत बसतो आणि अर्जाची मुदत काय, दोन्ही विचारा.

कसाऱ्याच्या त्या मुलीला हॉस्टेल मिळालं नाही. तिची आत्या डोंबिवलीला राहते, एका खोलीच्या घरात. ‘‘त्यांना कशाला त्रास,’’ आई म्हणत होती. शेवटी आत्याच ओपीडीत येऊन बसली. सोमवार ते गुरुवार मुलगी तिच्याकडे, बाकीचे दिवस घरी, असं ठरलं. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १०.९ वर आलंय. आत्याकडे ती सहाला उठते आणि पोहे खाऊन निघते. पाण्याची बाटली दाखव म्हटलं, तर ती अजून भरलेलीच होती.