फटफटी सुरू होत नाही, तर आधी काय पाहाल?

मंडळी, आपल्या सायखेड्यात जुनी फटफटी जपणारे लोक अजून आहेत. माझ्याकडेही एक जुनी येझदी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली जावा गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याच कारखान्याने येझदी काढली. १९९६ साली कारखाना बंद पडला. गाड्या मात्र अजून पळतात. का? त्या घरच्या घरी दुरुस्त करता येतात म्हणून.

पावसाळ्यातली एक रात्र. नातवाला जोराचा ताप भरला. त्याला निफाडला न्यायचे होते. मी किक मारीत राहिलो. तीस-चाळीस किका झाल्या. अंगाला घाम फुटला, पण गाडी काही बोलेना. शेवटी शेजाऱ्याला उठवून त्याची जीप काढली. पोर बरे झाले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, प्लग काजळीने भरलेला! पाच मिनिटांचे काम. पण ते मला येत नव्हते.

आता नीट समजून घ्या. चूल पेटायला सरपण, वारा आणि काडी लागते. गाडीचेही तसेच आहे. पेट्रोल हे सरपण. हवा हा वारा. आणि प्लगची ठिणगी ही काडी.

ही ठिणगी येते कोठून? बॅटरीची वीज थोड्या दाबाची असते. जुन्या गाडीत ती सहा व्होल्टची. कॉइल तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवते. पॉइंट म्हणजे दोन लहान टिकल्या. इंजिन फिरले की त्या उघडतात आणि मिटतात. त्या उघडल्या की कॉइलची वीज तुटते. त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट जळू नयेत म्हणून कंडेन्सर असतो.

दोष शोधायचा तो क्रमाने. सोपे आधी, अवघड मागून.

पहिले, टाकीत पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, ते पाहा.

दुसरे, चावी लावून भोंगा वाजवा. आवाज बारीक आला, तर बॅटरी उतरली समजा. तिच्या टोकांवर पांढरी बुरशी असेल, तर ती पुसा. तारा घट्ट करा.

तिसरे, प्लग काढा. काळा किंवा ओला असेल, तर तारेच्या ब्रशने साफ करून वाळवा. त्याच्या दोन टोकांत सुमारे ०.६ मिलिमीटर फट हवी.

चौथे, ठिणगी पाहा. पण आधी पेट्रोलचा कॉक बंद करा. जवळ बिडी किंवा पेट्रोलचा डबा नको. प्लगला टोपी लावा. प्लगचे लोखंड इंजिनला टेकवून ठेवा. प्लगच्या भोकापासून तो लांब असू द्या, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ती पेटली, तर माणूस भाजेल. प्लग हातात धरू नका, झटका बसतो. चावी लावून किक मारा. निळी, टचटचीत ठिणगी दिसली, तर दोष विजेचा नाही. पिवळी, मरतुकडी दिसली, तर नवा प्लग लावून पाहा.

पाचवे, तरीही ठिणगी नाही, तर पॉइंट पाहा. ते काळे पडले असतील, तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासा आणि स्वच्छ फडक्याने पुसा. ते पूर्ण उघडले, की मध्ये सुमारे ०.४ मिलिमीटर फट हवी. ती मोजायची पट्टी दुकानात मिळते. पॉइंटवरच मोठी ठिणगी उडत असेल, तर कंडेन्सर गेला असावा. कॉइल सर्वांत शेवटी बदला. ती महाग असते आणि पुष्कळदा चांगलीच असते.

आपल्या गावाला आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले. पुरात बुडालेल्या गाडीला लगेच किक मारू नका. आत पाणी असले, तर यंत्र मोडते. आधी चावी बंद ठेवून प्लग काढा. किक हलक्या हाताने फिरवून पाणी बाहेर घालवा. पॉइंट वाळवा. ऑइल बदला.

आता तुम्हाला लिहिता येते. एका वहीत प्लग कधी बदलला, पॉइंट कधी घासले, ते तारखेसह लिहा. एक नवा प्लग आणि पान्हा गाडीतच ठेवा. अडीअडचणीच्या रात्री कुणाचे दार ठोठवावे लागणार नाही.