आजी चुकली की चाचणी?

अष्टमी गावातल्या, शाळेची पायरी कधी न चढलेल्या एखाद्या आजीला आजची तारीख विचारा. ती तिथी सांगेल, तीही अचूक. पण स्मृतिभ्रंशासाठीच्या ३० गुणांच्या प्रचलित चाचणीत तारखेचा गुण गेलाच. पुढे कागदावरचं वाचून तसं करायचं, एक वाक्य लिहायचं, पंचकोन काढायचे. हातात कधी पेन्सिल धरली नसेल, तर शहाणीसुरती बाई कागदावर विसरभोळी ठरते.

मेंदूच्या संशोधनात सगळ्या थरांतली माणसं घ्या म्हटलं, की अनेकांना ती सवलत वाटते. शास्त्राचा दर्जा घसरेल असंही वाटतं. हा सर्वांत मोठा गैरसमज. ती चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप आलं. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं, इंग्रजी शब्दाची अक्षरं उलट म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. इथे स्मरणाचा आणि लक्षाचाच कस लागतो. माझ्या मते हीच चाचणी अधिक शास्त्रीय.

'मेंदू सगळ्यांचा सारखाच' हेही अर्धसत्य. फिट येणाऱ्यांना कार्बामाझेपिन देतात. एका विशिष्ट जनुकप्रकाराच्या माणसांना त्यातून त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. हा प्रकार आशियाई वंशांत आढळतो, युरोपीय लोकांत अगदी क्वचित. फक्त युरोपीय रुग्ण तपासले असते, तर धोका नजरेतून निसटला असता. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी जनुकचाचणी करा, असं सांगितलं.

प्रयोगशाळेतही नर उंदरांनाच पसंती असे. मादीच्या चक्रामुळे निष्कर्ष हेलकावतात, अशी समजूत होती. २०१४ साली जुन्या २९३ शोधनिबंधांची छाननी झाली, तेव्हा माद्यांची मापं नरांपेक्षा जास्त हेलकावत नसल्याचं दिसलं.

राहिला प्रश्न खेड्यातल्या, न शिकलेल्या माणसांकडून विज्ञानाला काय मिळणार हा. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण अभ्यासले. २०१३ साली निष्कर्ष आला: एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. हा फरक निरक्षरांमध्येही होता, म्हणजे श्रेय केवळ शिक्षणाला देता येत नव्हतं. निरक्षर माणसंच अभ्यासात नसती, तर हे कळलं कसं असतं? आणि आपल्याकडे तर घरी आगरी किंवा कोकणी, बाजारात मराठी, परक्याशी हिंदी हे रोजचंच.

म्हणून एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलंत, तर डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा: शाळा किती झाली, घरात कोणती भाषा बोलतात, लिहिता-वाचता येतं का. आणि प्रश्न त्यांच्या बोलीत विचारायला सांगा.