पुढचा ब्लॉक रिकामा आहे ना?

एकाच ट्रॅकवर दोन मॉडेल ट्रेन्स, कंट्रोलला कुणाचाही हात नाही आणि तरीही टक्कर नाही! वीकेंडला घरातच 'रेल्वे' चालवणाऱ्यांसाठी ही सिग्नलची गंमत...

सकाळची फास्ट लोकल. दादर अगदी समोर आलंय आणि गाडी मध्येच थांबते. अख्ख्या डब्यातून एकच 'च्च!' उमटतो. दोनेक मिनिटांत गाडी पुन्हा हलते आणि आपणही विसरून जातो. ती थांबते त्यामागचं एक नेहमीचं कारण म्हणजे पुढच्या तुकड्यात आणखी एक गाडी असते! रुळांच्या अशा तुकड्याला म्हणतात ब्लॉक. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, एवढाच नियम.

यातली मूळ आयडिया विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाची. 1872 मध्ये त्याने ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. दोन्ही रुळांत हलका करंट सोडायचा. गाडी आली की तिची चाकं रूळ जोडतात, रिले पडतो आणि सिग्नल आपोआप लाल! आपल्याकडे ऑटोमॅटिक कलर-लाइट सिग्नल पहिल्यांदा लागले 1928 मध्ये, तेव्हाच्या व्हीटी ते भायखळा मार्गावर.

टेबलावरची लोकल

हाच खेळ घरी मांडायचा तर एक मोठा फरक आहे. खऱ्या लोकलला मोटरमन असतो. ऑटोमॅटिक सिग्नल लाल दिसला तर तो दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि मग जपून पुढे सरकतो. मॉडेलमध्ये कुणीच नाही. मागची गाडी जरा फास्ट असली, की दोन-चार चकरांत पुढचीला गाठणार आणि हजारो रुपयांचं इंजिन थेट फरशीवर!

मग गाडीचा करंटच तोडायचा. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी, सिग्नलच्या अलीकडे, एका रुळाला दोन ठिकाणी प्लॅस्टिकचे जॉइनर लावून छोटा 'स्टॉप' तुकडा वेगळा करा. पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी असेल तर रिले या तुकड्याचा करंट बंद ठेवतो. मागून येणारं इंजिन तिथे पोचलं की थांबलं. पुढची गाडी बाहेर पडली की करंट परत येतो. कंट्रोलरची मूठ फिरवलेलीच असते, त्यामुळे गाडी आपसूक निघते.

आणि खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. दोन गाड्यांना ब्लॉक हवेत तीन. दोन गाड्या, दोनच ब्लॉक असं केलंत तर प्रत्येक गाडी दुसरी हलण्याची वाट बघत बसेल आणि सगळंच ठप्प! कायम एक ब्लॉक रिकामा हवा. तो वाया गेलेला वाटतो, पण सगळ्या गाड्या चालतात त्या त्याच्याच जिवावर.

एचओ स्केल म्हणजे 1:87. त्यात 20 मीटरचा डबा होतो साधारण 23 सेंटिमीटरचा. इंजिन आणि चार डबे मिळून सव्वा मीटरच्या आत बसतात. म्हणजे दीड-दीड मीटरचे तीन ब्लॉक डायनिंग टेबलावर मावतील!

अचानक ब्रेक लागल्यासारखं थांबणं आवडत नसेल तर डिजिटल कंट्रोल आहे. लेन्झ या जर्मन कंपनीच्या एबीसी पद्धतीत करंट तोडत नाहीत. काही डायोड लावून रुळातला सिग्नल एका बाजूला किंचित झुकवतात. इंजिनातला डीकोडर ते ओळखून हळूहळू वेग कमी करतो, आणि दिवे चालूच राहतात.

प्रेरणा हवी असेल तर पुण्यात कोथरूडचं, भाऊ जोशींनी उभारलेलं आणि 1998 मध्ये सुरू झालेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम गाठा.

सुरुवात करताय?

• सर्वांत लांब गाडी एका ब्लॉकमध्ये पूर्ण बसायलाच हवी.

• स्टॉप तुकडा इंजिनापेक्षा लांब ठेवा. करंट गेल्यावरही ते थोडं घरंगळतं.

• करंट मोजून गाडी ओळखणार असाल तर शेवटच्या डब्याच्या आसाला छोटा रेझिस्टर लावा. नाहीतर शेपूट मागच्या ब्लॉकमध्ये राहील आणि सिग्नल मात्र हिरवा!

• महागडं इंजिन सोडण्याआधी एक स्वस्तातलं ब्लॉकमध्ये उभं करा आणि मागचा सिग्नल लाल होतोय का, ते बघा. झाला? मग द्या शिट्टी!